भाषेची अट आणि प्लेसमेंट टेस्ट : वाचकांच्या शंका

बारावीचे निकाल लागून परदेशी महाविद्यालयांची प्रवेशपत्रे हाती पडू लागली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. शुल्क, व्हिसा आणि वसतिगृह यांच्याविषयी आम्ही मागील अंकांत लिहिले आहे. या वेळी पदवीसाठी घातलेली भाषेची अट आणि ती पूर्ण करण्यासाठी घेतली जाणारी प्लेसमेंट टेस्ट (भाषेतील पातळी ठरवणारी चाचणी) यांवरील पत्रे निवडली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून लेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझ्या मुलीला अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या कला व विज्ञान महाविद्यालयात पदवीसाठी प्रवेश मिळाला आहे. परकीय भाषेची अट चार सत्रांचे वर्ग करून किंवा प्लेसमेंट टेस्ट देऊन पूर्ण करावी, असे त्यांनी कळवले आहे. दहावीला तिला मराठी, हिंदी आणि इंग्रजी होते. बारावीला मात्र दुसऱ्या भाषेऐवजी आयटी घेतले. चाचणी जुलैअखेर आहे. ओळखीचे लोक सांगतात की दोन महिने फ्रेंचचा क्लास लावा म्हणजे सुटका होईल. काय करावे? (एक पालक, इंदिरानगर)

उत्तर : फ्रेंचचा क्लास लावू नका, निदान या चाचणीसाठी तरी नको. चार सत्रे म्हणजे महाविद्यालयातील दोन वर्षे. एवढ्या अभ्यासानंतर विद्यार्थ्याला त्या भाषेतील साधे लेख वाचता यावेत, ओळखीच्या विषयावर दोन-तीन परिच्छेद लिहिता यावेत आणि अडखळत का होईना, पण संभाषण पुढे नेता यावे, अशी विद्यापीठाची अपेक्षा असते. दोन महिन्यांच्या क्लासात स्वतःची ओळख करून देणे, वेळ सांगणे आणि वर्तमानकाळातील क्रियापदे चालवणे यापलीकडे फारसे काही पदरात पडत नाही. त्या भांडवलावर चाचणी दिली तर तिला पहिल्या किंवा फार तर दुसऱ्या सत्राच्या वर्गात बसवतील, आणि पहिल्या सत्राच्या वर्गात तर ती चाचणी न देताही बसू शकते. मग क्लासचे पैसे कशासाठी घालवायचे?

तिच्याजवळ इंग्रजीखेरीज आणखी दोन भाषा आहेत, हे तुम्ही पत्रात जाता जाता सांगून गेला आहात. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे. अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांना या अटीत इंग्रजीव्यतिरिक्त कोणतीही एक भाषा अपेक्षित असते, आणि ती विद्यार्थ्याच्या घरात बोलली जाणारी असली तरी अनेक ठिकाणी चालते. मात्र ती कोणत्या मार्गाने सिद्ध करायची, हे विद्यापीठागणिक बदलते, आणि फ्रेंचचा सल्ला देणारे लोक नेमके तेवढेच तपासत नाहीत.

चाचणीच्या निकालातून तीन निरनिराळ्या गोष्टी निघू शकतात आणि पालक त्यांची गल्लत करतात. विद्यार्थ्याने कोणत्या पातळीच्या वर्गात बसावे, एवढेच काही ठिकाणी ठरते, आणि त्या वर्गापासून पुढची सत्रे त्याला पूर्ण करावीच लागतात. काही ठिकाणी ठरावीक पातळीच्या वर गेलेल्या विद्यार्थ्याला अटीतून सूट मिळते. श्रेयांक (क्रेडिट) मिळणे ही तिसरी गोष्ट, आणि ती सर्वांत दुर्मीळ. सूट मिळाली म्हणजे पदवीसाठी लागणारे एकूण श्रेयांक कमी झाले, असे नव्हे. रिकाम्या झालेल्या जागी दुसरे विषय घ्यावे लागतात. तरीही दोन वर्षांचे भाषेचे तास मोकळे झाले तर एखाद्या मुलीला दुसरा मुख्य विषय घेणे शक्य होते, हा लाभ लहान नाही.

नियम किती वेगवेगळे असू शकतात, याची काही उदाहरणे देतो. स्टॅनफर्डमध्ये अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसह पदवीच्या सर्वांनाच एक वर्षाच्या महाविद्यालयीन अभ्यासाइतकी दुसरी भाषा यावी लागते. कोलंबिया विद्यापीठात कोलंबिया कॉलेजच्या विद्यार्थ्यांना चार सत्रांची पातळी गाठावी लागते, पण त्याच आवारातील अभियांत्रिकी शाखेला ही अट नाही. येलमध्ये चाचणीत वरच्या पातळीवर पोहोचलेल्या विद्यार्थ्यालाही सहसा एक प्रगत वर्ग करावा लागतो. म्हणजे चाचणी कितीही उत्तम गेली तरी भाषेचा तास पूर्णपणे टळत नाही. ब्राउनमध्ये अशी अट मुळातच नाही. म्हणून शेजारच्या इमारतीतील मुलाला काय करावे लागले, यावरून आपला निर्णय ठरवू नये. तो दुसऱ्या विद्यापीठात असेल, किंवा त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या शाखेत असेल.

अमेरिकेत वाढलेली मुले पुष्कळदा स्पॅनिशची किंवा फ्रेंचची एपी ही महाविद्यालयीन पातळीची परीक्षा शाळेतच देऊन या अटीतून मोकळी होतात. तुमच्या मुलीला तो मार्ग उपलब्ध नाही, कारण एपी परीक्षांच्या यादीत स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन, इटालियन, चिनी, जपानी आणि लॅटिन या भाषा आहेत. हिंदी नाही आणि मराठीही नाही. क्लेप नावाची दुसरी परीक्षा आहे, ती फक्त फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश या तीन भाषांची होते. त्यामुळे हिंदी किंवा मराठीसाठी विद्यापीठाच्या संबंधित विभागाने घेतलेली चाचणी, किंवा विद्यापीठाने मान्य केलेल्या बाहेरच्या संस्थेची मुलाखत, हेच दोन मार्ग उरतात.

अशा मुलाखतींपैकी ॲक्टफल या अमेरिकी संस्थेच्या मापदंडावर घेतली जाणारी तोंडी मुलाखत सर्वांत परिचित आहे. हिंदीसाठी ती उपलब्ध आहे. प्रशिक्षित परीक्षक फोनवर साधारण पंधरा ते तीस मिनिटे बोलतो, प्रश्न हळूहळू अवघड करत नेतो आणि उमेदवाराची भाषा कोणत्या ठिकाणी अपुरी पडते ते पाहतो. सुरुवातीला घर, शाळा, आवडीनिवडी विचारल्या जातात. मग घडून गेलेली एखादी गोष्ट क्रमाने सांगायला लावतात. त्यापुढे एखाद्या सार्वजनिक प्रश्नावर मत मागितले जाते आणि ते खोडून काढले जाते. तुमच्या मुलीने नाशिकचे नाव काढले तर सिंहस्थात शहराला लाभ अधिक होतो की त्रास, असेही विचारले जाऊ शकते. आपल्या मुलांची हिंदी पहिल्या दोन टप्प्यांत सहज चालते. तिसऱ्या टप्प्यावर मात्र ‘मेरेको’ आणि ‘अपन’ वर येतात, ‘मेरा आवाज’ आणि ‘अच्छा पुस्तक’ असे मराठीच्या वळणाने चुकलेले लिंग ऐकू येते, आणि मत मांडायला लागणारा शब्दसंग्रह इंग्रजीतून उसना घ्यावा लागतो. फ्रेंचच्या क्लासाचा वेळ तिने रोज एका हिंदी दैनिकाचा अग्रलेख मोठ्याने वाचून त्यावर पाच मिनिटे हिंदीतच बोलण्यात घालवला, तर त्याचा उपयोग कितीतरी अधिक होईल. देवनागरी लिपी तिला येतेच. अमेरिकेतील विद्यार्थ्याला हिंदी शिकताना पहिले काही महिने लिपीतच घालवावे लागतात.

हिंदी निवडावी की मराठी? विद्यापीठात हिंदीचा विभाग असेल तर परीक्षक तिथेच असतो आणि काम लवकर होते. मराठीसाठी परीक्षक बाहेरून शोधावा लागण्याची शक्यता असते, त्याला वेळ लागतो, आणि काही विद्यापीठे स्वतः न शिकवलेल्या भाषेचा विचारच करत नाहीत. तरी मी तुमच्या जागी असतो तर पहिल्या मेलमध्ये दोन्ही भाषांची नावे लिहिली असती आणि मराठीचे नाव आधी लिहिले असते. विचारण्याला पैसे पडत नाहीत.

हा मेल प्रवेश कार्यालयाला नव्हे, तर मुलीला नेमून दिलेल्या शैक्षणिक सल्लागाराला आणि भाषेची अट सांभाळणाऱ्या कार्यालयाला जावा, आणि तो मुलीने स्वतः लिहावा. अमेरिकेत पालकांच्या मेलला सहसा उत्तर मिळत नाही. मराठी किंवा हिंदीवर ही अट पूर्ण होते का, चाचणी कोण घेते, तिच्यात वाचन आणि लेखन असते का, निकालाने केवळ वर्ग ठरतो की सूटही मिळते, आणि चाचणी एकदा हुकली तर पुन्हा देता येते का, एवढे त्यात विचारले म्हणजे पुरे. सोबत दहावीची गुणपत्रिका आवर्जून जोडा. बारावीला आयटी घेतल्यामुळे त्या गुणपत्रिकेवर इंग्रजी ही एकच भाषा दिसते. आपल्याकडे ही निवड किती सर्रास केली जाते, हे तिकडच्या कार्यालयाला माहीत असण्याचे कारण नाही. ते मुलीला इंग्रजीखेरीज काहीच येत नाही, असे धरून चालतील.

प्रश्न : माझा मुलगा दहावीपर्यंत मराठी माध्यमाच्या शाळेत शिकला. अमेरिकेतील विद्यापीठात भाषेच्या अटीसाठी त्याचा तोटा होईल का? (एक पालक, निफाड)

उत्तर : उलट फायदा होण्याचा संभव आहे. ज्यांचे माध्यमिक शिक्षण इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत झाले, त्यांना अनेक अमेरिकी विद्यापीठे चाचणी न घेताच या अटीतून सूट देतात. शाळेकडून, सर्व विषय कोणत्या इयत्तेपर्यंत मराठीतून शिकवले गेले, याचे इंग्रजीतील पत्र शाळेच्या शिक्क्यासह घ्या. मुख्याध्यापक सुट्टीवर जाण्याआधी ते काम उरका. इंग्रजी येत असल्याचा पुरावा म्हणून द्यायची टोफेल किंवा आयईएलटीएस ही परीक्षा स्वतंत्र आहे. या पत्राने ती टळणार नाही.

प्रश्न : अकरावी-बारावीला मी जर्मन घेतले होते आणि गुणही चांगले पडले. आता अमेरिकेतील विद्यापीठाची जर्मनची प्लेसमेंट टेस्ट आहे. माझा एक मित्र म्हणतो की मुद्दाम काही उत्तरे चुकव, म्हणजे पहिल्या वर्गात बसून सहज ए श्रेणी मिळेल. दुसरा म्हणतो की महिनाभर रट्टा मार आणि थेट वरच्या वर्गात जा. दोघांपैकी कोणाचे ऐकू? (एक विद्यार्थी, गंगापूर रोड)

उत्तर : दोघांचेही नको. पहिल्या मित्राचा सल्ला अप्रामाणिक आहे, हे तर झालेच. शिवाय तो पचणारा नाही. तुमच्या गुणपत्रिकेवर दोन वर्षांचे जर्मन छापलेले आहे आणि ती विद्यापीठाकडे आधीच पोहोचली आहे. शाळेत एखादी भाषा ठरावीक वर्षे शिकलेल्या विद्यार्थ्याला तिच्या पहिल्या वर्गाचे श्रेयांक द्यायचे नाहीत, असा नियम काही विद्यापीठांत असतो. नियम नसला तरी वर्गात पहिल्या आठवड्यातच कळते: बाकीचे विद्यार्थी वर्णमाला म्हणत असताना जो मागच्या बाकावरून षष्ठी आणि चतुर्थीचे प्रत्यय बरोबर लावतो, त्याच्याकडे शिक्षकांचे लक्ष जातेच. आणि चार सत्रांची अट असेल तर मुद्दाम खाली बसल्याने सत्रे वाढतात, आणि प्रत्येक सत्राचे शुल्क डॉलरमध्ये मोजावे लागते.

दुसऱ्या मित्राचा सल्ला वरवर अभ्यासू वाटतो, पण त्याचे परिणाम सप्टेंबरमध्ये दिसतात. यांपैकी अनेक चाचण्या संगणकावर होतात आणि त्या उमेदवाराप्रमाणे बदलत जातात. ब्रिगहॅम यंग विद्यापीठात तयार झालेली वेबकेप ही अशा चाचण्यांपैकी पुष्कळ ठिकाणी वापरली जाणारी एक. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न अधिक अवघड येतो, चुकले की सोपा येतो, आणि संगणकाला पातळीचा अंदाज पक्का वाटला की चाचणी थांबते. त्यामुळे कोणाला कमी प्रश्न येतात, कोणाला जास्त. चाचणी लवकर संपली म्हणून घाबरायचे कारण नाही. अशा चाचणीत पाठांतराने आणि अंदाजाने एक पायरी वर जाता येते. पण मग ज्या वर्गात बसवले जाते तिथे पहिल्याच दिवसापासून शिक्षक पूर्ण जर्मनमध्ये बोलतात, आणि आपल्याकडच्या बारावीच्या जर्मनमध्ये ऐकण्या-बोलण्याचा सराव किती झालेला असतो, हे तुम्हाला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. लेखी प्रश्नपत्रिकेत शंभरापैकी नव्वदच्या पुढे गेलेली मुले ‘काल संध्याकाळी काय केलेस’ या प्रश्नाला भूतकाळातील चार वाक्ये सलग बोलू शकत नाहीत.

म्हणून उजळणी करा, पण तुमच्याकडे जे होते ते परत आणण्यापुरती. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली, त्यानंतर सीईटी आणि प्रवेशाची धावपळ झाली. मधल्या महिन्यांत शब्द विसरले जातात आणि ते परत मिळवण्यात काहीही गैर नाही. जुने पाठ्यपुस्तक एकदा सलग वाचा, विभक्तींचे तक्ते डोळ्यांखालून घाला, आणि उरलेला सगळा वेळ ऐकण्यात घालवा. चाचणीच्या वेळी शब्दकोश, भाषांतराचे ॲप किंवा शेजारी बसलेला मित्र यांची मदत घेऊ नका. घरी बसून दिलेल्या चाचणीलाही विद्यापीठाची आचारसंहिता लागू असते.

आणखी एक माहिती तुमच्या हिताची आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील शाखेप्रमाणे काही ठिकाणी, चाचणीने मिळालेल्या वरच्या वर्गात विद्यार्थ्याने किमान बी श्रेणी मिळवली, तर त्याने वगळलेल्या खालच्या वर्गांचे श्रेयांकही त्याच्या नावावर जमा होतात. आपल्या विद्यापीठात अशी सोय आहे का, ते विचारा. तशी असेल तर पहिल्या मित्राला हा परिच्छेद वाचायला द्या.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. माझा नातू न्यू जर्सीत जन्मला. पुढच्या वर्षी तो महाविद्यालयात जाईल. आमच्याशी तो व्हिडिओ कॉलवर अस्खलित मराठी बोलतो, पण त्याला देवनागरी वाचता येत नाही. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला असल्याने आता तिकडच्या महाविद्यालयात मराठीवर भाषेची अट पूर्ण होईल का? (एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर : ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळालेला अभिजात दर्जा हा भारत सरकारचा निर्णय आहे. त्याचा आनंद आपल्या सर्वांना आहे, पण अमेरिकेतील महाविद्यालयाच्या नियमांवर त्याचा परिणाम होत नाही. तिथे परीक्षक मिळतो का आणि विद्यार्थ्याला काय येते, एवढेच पाहिले जाते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ आणि शिकागो विद्यापीठ येथे मराठी शिकवण्याची जुनी परंपरा आहे. नातू अशा ठिकाणी गेला तर त्याची चाचणी घेणारे जाणकार तिथेच भेटतील.

त्याची खरी अडचण वाचनाची आहे. चाचणीत वाचन आणि लेखन असेल, आणि बहुतेक ठिकाणी ते असते, तर बोलण्यात तरबेज असलेल्या मुलाला केवळ लिपीमुळे अगदी खालच्या वर्गात बसवले जाऊ शकते. घरी भाषा ऐकत वाढलेल्या मुलांसाठी काही विद्यापीठे हिंदीसारख्या भाषांचे वेगळे वर्ग चालवतात, मराठीसाठी तशी सोय क्वचितच असते. पण त्याच्या हाती अजून वर्ष आहे आणि घरात आपल्यासारखे शिक्षक आहेत.

आपल्याला वर्गात शिकवण्याचा अनुभव आहे, म्हणून मुळाक्षरांविषयी काही सांगत नाही. अशी मुले मूळ अक्षरे थोड्या आठवड्यांत शिकतात आणि मग जोडाक्षरांपाशी, त्यातही ‘र’पाशी, थबकतात. ‘क्रम’ आणि ‘कर्म’, ‘ट्रक’ आणि ‘तर्क’, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे त्याच्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घ्या. छापील मजकूर जमू लागला की आठवड्याला आपल्या हाताने लिहिलेले चार ओळींचे पत्र फोटो काढून पाठवा आणि त्याने हातानेच उत्तर लिहावे, असा आग्रह धरा. फोनवर टंकलेखन करताना पुढचा शब्द फोनच सुचवतो, त्यामुळे त्याचे लेखन सुधारत नाही.

बोलण्यातही दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे लागेल. घरातल्या मराठीवर वाढलेली मुले सर्वांनाच ‘तू’ म्हणतात. आजोबांना ते गोड वाटते. मुलाखत घेणाऱ्या प्राध्यापकाला मात्र ‘तू कुठे शिकवतोस?’ असे विचारले तर औपचारिक भाषा येत नाही, अशी नोंद होते. आणि जे मुलगे दिवसभर आईचेच मराठी ऐकतात, ते पुष्कळदा ‘मी जाते’, ‘मी जेवले’ असे बोलतात. कॉलवर त्याला आपल्या एखाद्या जुन्या सहकाऱ्याशी, ज्यांना तो ओळखत नाही अशांशी, अधूनमधून बोलायला लावा.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. जर्मनीत पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे आहे. एका संकेतस्थळावर मोफत प्लेसमेंट टेस्ट दिली, तिच्यात माझी पातळी बी १ (युरोपीय मोजपट्टीवरील सहा पातळ्यांपैकी तिसरी) आली. हा निकाल विद्यापीठाला पाठवला तर चालेल का? (एक विद्यार्थी, सिन्नर)

उत्तर : चालणार नाही. ती चाचणी क्लासने किंवा संकेतस्थळाने तुम्हाला योग्य तुकडीत बसवण्यासाठी घेतलेली असते. तुमच्या जागी दुसऱ्या कोणी ती दिली तरी त्यांना कळत नाही. जर्मन माध्यमातील अभ्यासक्रमासाठी विद्यापीठे जर्मन भाषेच्या डीएसएच, टेस्टडाफ किंवा गोएथे संस्थेच्या वरच्या पातळीच्या परीक्षेसारखे प्रमाणपत्र मागतात. टेस्टडाफमध्ये सहसा चारही विभागांत टीडीएन ४ ही पातळी लागते, आणि ती बी १ पेक्षा बरीच वर आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रम इंग्रजीतून असेल तर पुष्कळदा जर्मनचे प्रमाणपत्र मागतच नाहीत. तिथे आयईएलटीएस किंवा टोफेल लागते आणि त्यांचे गुण दोन वर्षेच ग्राह्य धरले जातात. आधी अभ्यासक्रम ठरवा, मग परीक्षा.

तुम्ही दिलेल्या चाचणीचा उपयोग मात्र जरूर करून घ्या. टेस्टडाफ चालवणाऱ्या संस्थेचीच ऑनसेट नावाची एक पातळी ठरवणारी चाचणी आहे, तिचा प्रकार मला फार हुशारीचा वाटतो. आठ छोटे उतारे असतात, प्रत्येकात वीस गाळलेल्या जागा असतात आणि एका उताऱ्याला पाच मिनिटे मिळतात. पहिले वाक्य पूर्ण दिलेले असते. पुढे प्रत्येक दुसऱ्या शब्दाचा उत्तरार्ध कापलेला असतो. मराठीत तशी चाचणी केली तर ती अशी दिसेल : ‘यंदा पाऊस चांगला झाला. गंगापूर धर… पाणी सो… की गोदाघा… दुकानदार सा… हलवू लाग… आणि दुतों… मारुतीला कुठ… पाणी टेक… हे पाहा… गर्दी हो…’

तुम्ही हे वाचता वाचताच पूर्ण केले असणार. त्यासाठी प्रत्यय, क्रियापदाचे रूप, वाक्याचा रोख आणि गावाची माहिती या सगळ्यांचा एकदम उपयोग झाला. कोल्हापूरचा वाचक ‘दुतों…’पाशी (म्हणजे नाशिकच्या दुतोंड्या मारुतीपाशी) अडेल, बाकीचे सहज भरेल, मराठी शिकणारा जर्मन विद्यार्थी ‘धर…’ला ‘धरणातून’ करायचे की ‘धरणाला’, यावरच घुटमळेल. जर्मनच्या अशा चाचणीत तुमच्या चुका नेमक्या कुठे होतात, नामाच्या लिंगात, क्रियापदात की शब्दच माहीत नसण्यात, ते एका कागदावर मांडून पाहा. पुढच्या क्लासच्या शिक्षकांना तो कागद दाखवलात तर ‘बी १’ या दोन अक्षरांपेक्षा त्यांना त्यातून अधिक कळेल.

प्रश्न : दहावीला संस्कृतमध्ये मला ९९ गुण होते. प्लेसमेंट टेस्ट संस्कृतची देता येईल का? (एक विद्यार्थिनी, कॉलेज रोड)

उत्तर : जिथे संस्कृत शिकवले जाते, अशा विद्यापीठांत शक्य आहे; हार्वर्ड, शिकागो, कोलंबिया, पेनसिल्व्हेनिया आणि बर्कली येथे संस्कृत शिकवतात. परंतु ९९ गुणांवर विसंबू नका. आपल्या प्रश्नपत्रिकेत पाठातील उतारे, पाठ केलेली सुभाषिते आणि ठरलेल्या नमुन्याची उत्तरे असतात; तिकडच्या चाचणीत सहसा आधी न पाहिलेला उतारा देऊन संधी सोडवायला आणि इंग्रजीत भाषांतर करायला सांगतात. पंचतंत्रातील किंवा हितोपदेशातील न वाचलेली एखादी कथा घेऊन तिचे इंग्रजी भाषांतर, शब्दकोश न पाहता, करून पाहा. अर्धे पान जमले तर चाचणीला बसा.

प्रश्न : माझी चाचणी घरूनच ऑनलाइन आहे. आमच्या भागात पावसाळ्यात वीज जाते. मध्येच वीज गेली तर काय? (एक विद्यार्थी, पंचवटी)

उत्तर : चाचणी किती दिवसांच्या मुदतीत केव्हाही देता येते की ठरलेल्या वेळीच द्यायची आहे, ते आधी पाहा. वेळ ठरलेली असेल तर ती अमेरिकेच्या कोणत्या विभागाची आहे, हे नीट वाचा : उन्हाळ्यात पूर्व किनाऱ्याची वेळ आपल्यापेक्षा साडेनऊ तासांनी मागे असते आणि पश्चिम किनाऱ्याची साडेबारा तासांनी, त्यामुळे तिकडे दुपारी दोनची चाचणी आपल्याकडे पूर्व किनाऱ्याच्या हिशोबाने रात्री साडेअकराला आणि पश्चिम किनाऱ्याच्या हिशोबाने मध्यरात्रीनंतर अडीचला येते. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून ठेवा, फोनचे हॉटस्पॉट आधी जोडून पाहा, आणि शक्य असेल तर त्या दिवशी वीज न जाणाऱ्या भागातील नातेवाइकांकडे बसा. एवढे करूनही चाचणी तुटली तर पडद्यावर दिसणाऱ्या संदेशाचा लगेच फोटो काढा, स्वतःहून पुन्हा सुरू करण्याचा खटाटोप करू नका, आणि त्याच तासात भाषा विभागाला वेळेच्या नोंदीसह मेल करा. लगेच कळवणाऱ्याला दुसरी वेळ बहुधा मिळते. आठ दिवसांनी कळवणाऱ्याला ती मिळणे कठीण असते.